औषधाचे नाव काय होते?

संसर्गजन्य रोगांविषयी शिक्षकांपुढे किंवा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायची वेळ आली की आम्ही अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयाची हकिगत सांगतो. इबोलाचे दोन रुग्ण तिथे आणले गेले, दोघेही बरे होऊन चालत घरी गेले, एवढे सांगून होते न होते तोच प्रश्न येतो, "सर, औषधाचे नाव काय होते?" प्रश्न स्वाभाविक आहे. आपली पाठ्यपुस्तकेच रोगांचे तक्ते देतात: रोग, जंतू, लक्षणे, उपाय. शेवटच्या रकान्यात एक नाव बसले की धडा संपला. एमरीची हकिगत त्या रकान्यात बसत नाही, आणि वर्तमानपत्रांनी ती तशी बसवली, हीच आमची तक्रार आहे.

आधी घडले ते पाहू. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया या तीन देशांत इबोलाची साथ पसरली. लायबेरियाच्या मन्रोव्हिया येथे रुग्णांची सेवा करणारे अमेरिकन डॉक्टर केंट ब्रँटली व त्यांच्या सहकारी नॅन्सी राइटबोल यांना लागण झाली. २ ऑगस्टला ब्रँटलींना विमानाने अमेरिकेत आणले. रुग्णवाहिकेतून पांढऱ्या पोशाखातली दोन माणसे उतरली आणि एकमेकांच्या आधाराने रुग्णालयात चालत गेली, हे दृश्य जगभर दाखवले गेले. राइटबोल तीन दिवसांनी आल्या, त्या स्ट्रेचरवरून. १९ व २१ ऑगस्टला दोघांनाही घरी सोडण्यात आले.

दोघांना झेडमॅप नावाचे प्रायोगिक औषध मिळाले होते. तंबाखूच्या जातीच्या झाडांत तयार केलेली प्रतिपिंडे, माणसावर पूर्वी कधीही न वापरलेली, साठा जेमतेम काही जणांना पुरेल एवढा. बातमीला आणखी काय हवे? "गुप्त औषधाने जीव वाचवला" ही गोष्ट तयार झाली, आणि आजही कित्येकांच्या स्मरणात तीच आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमरीच्या डॉक्टरांनी या दोन रुग्णांवरील उपचारांचा अहवाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या मते वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या मदतीने वाचून दाखवावा असा हा लेख आहे. त्यात नाट्य जवळजवळ नाही. गोषवाऱ्यातला भर औषधावर नसून पाणी आणि क्षार यांवर आहे. दोन्ही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतला द्रव खूप कमी झाला होता, रक्तातल्या क्षारांचे प्रमाण फार बिघडले होते. सुरुवातीच्या दिवसांत शिरेतून दररोज तीन ते पाच लिटर द्रव द्यावा लागला.

हा आकडा वर्गात नुसता वाचून पुढे जाऊ नये. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्यातला रक्तद्रव सुमारे तीन लिटर. म्हणजे या माणसांना रोज आपल्या साऱ्या रक्तद्रवाइतका, कधी त्याहूनही जास्त द्रव बाहेरून द्यावा लागत होता. इबोला म्हणजे अंगातून भळाभळा रक्त वाहणे, हे चित्र आपल्या मनात चित्रपटांनी रुजवले आहे. २०१४ च्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने गोळा केलेली माहिती निराळे सांगते. उलट्या आणि जुलाब प्रत्येकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत होते; कारण न सापडणारा रक्तस्राव पाचातल्या एका रुग्णातही नव्हता. जुलाबांबरोबर पाणी जाते आणि पाण्याबरोबर पोटॅशियम जाते. हृदयाच्या स्नायूंचे ठोके नियमित पडण्यासाठी पेशींच्या आतल्या व बाहेरच्या पोटॅशियमचा समतोल लागतो. तो ढळला की हृदयाची लय बिघडते आणि रुग्ण दगावतो. तेव्हा त्याच्या शरीरात विषाणू असतोच, पण मरणाला तात्कालिक कारण मिठाचे आणि पाण्याचे असू शकते.

आपल्याला हे नवे वाटू नये. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणावर हजारो रुग्ण सांभाळले आणि मृत्यूचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर आणले. जंतू मारणे आणि रुग्ण जगवणे ही दोन निराळी कामे आहेत, हे तिथेही दिसले होते. फरक एवढाच की सतत उलट्या होणाऱ्या इबोलाच्या रुग्णाला पिऊन भागत नाही, सलाईन लावावेच लागते. आणि सलाईन लावणे म्हणजे त्याच्या रक्ताशी सुईने संबंध येणे.

इथे खरी अडचण सुरू होते. किती पोटॅशियम द्यायचे हे ठरवण्यासाठी रक्त तपासावे लागते. कमी दिले तर धोका, जास्त दिले तरी धोका. पण इबोलाचे रक्त रुग्णालयाच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत, इतर शेकडो नमुन्यांबरोबर यंत्रात घालता येत नाही. म्हणून एमरीने विलगीकरण कक्षालगतच एक छोटी स्वतंत्र प्रयोगशाळा मांडली. हा कक्ष २००२ मध्ये, जवळच असलेल्या रोगनियंत्रण केंद्राच्या मदतीने उभारला गेला होता. परदेशी साथींच्या कामावर जाणारे त्या केंद्राचे कर्मचारी आजारी पडले तर कुठे ठेवायचे, हा त्यामागचा विचार. बारा वर्षे हा कक्ष बहुतेक काळ रिकामा होता आणि लोक तिथे सराव करत होते. रिकाम्या खोलीवर आणि सरावावर बारा वर्षे पैसे खर्च करणे कोणत्याही हिशेबतपासनिसाला खटकेल. अध्यापन, संशोधन व रुग्णसेवा एका छताखाली असलेल्या संस्थेला ते जमले, कारण सराव हा तिथे शिकवण्याचाच भाग होता.

कक्षाचे प्रमुख ब्रूस रिबनर यांनी पुढे जाहीर भाषणांतून सांगितलेल्या काही गोष्टी आम्हाला अहवालाहूनही बोलक्या वाटतात. थोड्या अंतरावरच्या रोगनियंत्रण केंद्रात नमुने पोचवायला कुरिअरवाले तयार होईनात. रुग्णाचे मलमूत्र गटारात सोडाल तर सांडपाण्याची जोडणी तोडू, असा इशारा स्थानिक प्रशासनाने दिला. वस्तुतः ते आधी निर्जंतुक करूनच सोडले जाणार होते. कचरा उचलणाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच्या थोरल्या भावंडात, वाफेवर शिजवून निर्जंतुक करावा लागला. पिझ्झावाल्यानेसुद्धा रुग्णालयात यायचे नाकारले. विज्ञान पुढारलेल्या देशाच्या एका मोठ्या विद्यापीठाच्या दारात हे घडले. अस्पृश्यतेचा इतिहास शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांना त्यात ओळखीचे काही दिसेल.

आता परिचारिकांविषयी. रुग्ण आणायलाच नको होते, असे अमेरिकेत अनेक जण बोलत असताना एमरीच्या मुख्य परिचारिका सुसान ग्रँट यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून त्यांना का आणले हे सांगितले. रुग्णाजवळ तासन्‌तास असत त्या परिचारिकाच. संरक्षक पोशाख चढवणे तसे सोपे. तो उतरवताना धोका अधिक, कारण विषाणू पोशाखाच्या बाहेरच्या बाजूला असतो. म्हणून प्रत्येक पायरीवर दुसरे कोणी तरी उभे राहून पाहत असे. एमरीच्या एकाही कर्मचाऱ्याला लागण झाली नाही. त्याच वर्षी टेक्सासमधील एका रुग्णालयात, जिथे अशी पूर्वतयारी नव्हती, एका रुग्णाची सेवा करताना दोन परिचारिकांना लागण झाली. त्यांतल्या एकीवर पुढे एमरीतच उपचार झाले. तो विषाणू काही निराळा नव्हता.

वैद्यकात या सगळ्या कामाला आधार देणारे उपचार म्हणतात आणि त्याच्या आधी हटकून 'केवळ' हा शब्द लागतो. "यावर औषध नाही, केवळ आधाराचे उपचार." तो 'केवळ' आम्हाला मान्य नाही.

अहवालाचे एवढे कौतुक केल्यावर त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाही तर आम्हीही एका नावाच्या जागी दुसरे नाव बसवल्यासारखे होईल. रुग्ण दोनच. तुलनेला कोणी नाही. त्यांना सलाईन मिळाले, झेडमॅप मिळाले, ब्रँटलींना तर बऱ्या झालेल्या एका मुलाचे रक्तही मिळाले होते. शिवाय ते विमानप्रवास सोसू शकतील अशा स्थितीत होते, म्हणजे आजाराचे पहिले दिवस त्यांनी आधीच काढले होते. रुग्ण सुधारत गेले तसा रक्तद्रवातला विषाणू घटला, असे अहवाल म्हणतो. विषाणू घटल्यामुळे ते सुधारले, की शरीर सावरल्यामुळे त्याने विषाणू हटवला? दोन रुग्णांवरून हे सांगता येत नाही. सलाईनने वाचवले असे म्हणायलाही तेवढाच आधार आहे, जेवढा झेडमॅपने वाचवले असे म्हणायला.

पुढचे आकडेही सावधपणे घ्यावेत. अमेरिका व युरोपात मिळून २७ रुग्णांवर उपचार झाले, त्यांतले ५ दगावले, म्हणजे साडेअठरा टक्के. आफ्रिकेतल्या तीन देशांत २८,६१६ रुग्ण आणि ११,३१० मृत्यू नोंदले गेले, म्हणजे सुमारे चाळीस टक्के. पण साथ चालू असतानाच, ज्यांचे पुढे काय झाले हे ठाऊक होते अशाच रुग्णांचा हिशेब केला तेव्हा प्रमाण सत्तर टक्क्यांवर गेले होते. छेद बदलला की उत्तर बदलते. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. त्या २७ जणांतले बहुतेक आरोग्य कर्मचारी होते, लवकर ओळखले गेलेले, आणि बहुतेकांना कोणते ना कोणते प्रायोगिक औषधही मिळालेले. साडेअठरा आणि चाळीस यांची सरळ वजाबाकी करून ती सलाईनच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

मग झेडमॅपचे काय झाले? त्याची रीतसर चाचणी झाली. पहिल्या चाचणीत झेडमॅप मिळालेल्या ३६ पैकी ८ रुग्ण दगावले, न मिळालेल्या ३५ पैकी १३. कल आशादायक, पण साथ ओसरल्याने रुग्ण कमी पडले आणि निष्कर्ष ठाम झाला नाही. २०१८-१९ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकात ६८१ रुग्णांवर चार औषधांची तुलना झाली. कोणाला कोणते औषध हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले, आणि आधाराचे उपचार सर्वांना होते. झेडमॅपच्या गटात निम्मे रुग्ण दगावले. प्रतिपिंडांच्याच दुसऱ्या दोन औषधांच्या गटांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. ज्यांच्या रक्तात विषाणू कमी होता त्यांच्यात तर दहा-अकरा टक्के. म्हणजे औषधाने फरक पडतो, हे सिद्ध झाले. फक्त ते औषध बातमीतले नव्हते. आणि चांगल्या सलाईनने एकट्यानेच भागते, असे म्हणणाऱ्यांनाही, त्यांत काही काळ आम्हीही होतो, या आकड्यांनी गप्प केले.

एमरीतला तिसरा रुग्ण जागतिक आरोग्य संघटनेसाठी सिएरा लिओनमध्ये काम करणारा डॉक्टर होता. तो सप्टेंबरात आला तो सर्वांत गंभीर अवस्थेत. त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, मूत्रपिंडे बंद पडल्याने डायलिसिस करावे लागले. तोही वाचला. ऑक्टोबरात घरी गेला तेव्हा त्याच्या रक्तात विषाणू नव्हता. काही आठवड्यांनी त्याचा एक डोळा दुखू लागला, नजर अंधुक झाली. एमरीच्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यातला द्रव तपासला, तर त्यात जिवंत इबोला विषाणू सापडला. रुग्ण बरा होऊन गेला म्हणून त्याची फाईल मिटली असती, तर हे कळलेच नसते. २०१५ मध्ये तेच नेत्रतज्ज्ञ लायबेरियात गेले आणि इबोलातून वाचलेल्यांचे डोळे तपासू लागले.