अनुपस्थित राजधानी : ‘गाथासप्तशती’ आणि प्रतिष्ठान

प्राचीन नगरांचा इतिहास लिहिताना साहित्यकृतीकडे साक्षीदार म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे रुळलेली आहे. साक्षीदाराने काय पाहिले हे विचारले जाते; तो कोठे उभा राहून पाहत होता, हे सहसा विचारले जात नाही. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, आणि सातवाहन राजा हाल याच्या नावे प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ यांच्या संबंधात हा दुसरा प्रश्न अटळ ठरतो.

प्रथमदर्शनी एक विसंगती जाणवते. राजाच्या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह राजधानीचे चित्र रेखाटतच नाही. त्यात नांगऱ्या आहे, ग्रामणी आहे, वाटसरू आहे, पिकलेली भातशेती आहे, गोदेचा काठ आणि विंध्याची पार्श्वभूमी आहे. संस्कृत महाकाव्याला अनिवार्य वाटणारे नगरवर्णन मात्र येथे नाही. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या आवृत्तीने हा संग्रह मराठी वाचकाच्या हाती दिला आणि तत्कालीन लोकजीवनाचे साधन म्हणून त्याचे महत्त्व ठसविले. त्या कार्याचे मोल वादातीत आहे. परंतु त्यानंतर ‘गाथांतील गाव’ हे जणू प्रत्यक्ष गावच होय, अशी समजूत दृढ झाली. ती तपासून पाहिली पाहिजे.

शेतातील पीक निघाल्यावर व्याकूळ होणारी स्त्री गाथांत वारंवार भेटते. तिचे दुःख शेतीचे नसून संकेतस्थळ नाहीसे झाल्याचे आहे, हे गाथा सांगत नाही. वाचकाने ते ओळखायचे असते. गोदाकाठच्या कुंजात सिंह असल्याचे सांगून धार्मिकाला तेथून परतविणारी गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली, तीही याच कारणाने. अनुक्तातून अर्थ काढणारा हा वाचक कोण? तो विदग्ध आहे, संकेतव्यूह जाणणारा आहे. कामसूत्रातील नागरकाचा तो सगोत्र आहे. म्हणजे नगर या संहितेत विषय म्हणून अनुपस्थित असले, तरी दृष्टी म्हणून सर्वत्र उपस्थित आहे. गाव दिसते ते नगराच्या गवाक्षातून.

मग इतिहासातील प्रतिष्ठान कोठे शोधावे? पितळखोऱ्याच्या लेण्यांतील दानलेखांत प्रतिष्ठानचा एक गांधिक, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, भेटतो. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर येते आणि तेथून गाड्यांवर लादून नेल्या जाणाऱ्या मौल्यवान दगडांचा उल्लेख आढळतो. दुसऱ्या शतकातला टॉलेमी त्याला पुळुमावीचे राजनगर म्हणतो. उलट नाशिकच्या लेखांत तोच पुळुमावी ‘नवनर’ नगराचा स्वामी म्हणून येतो, आणि नवनर म्हणजे कोणते स्थान याविषयी विद्वानांत एकमत नाही. प्रतिष्ठानचे वैभवशाली राजनगर खऱ्या अर्थाने उभे राहते ते अकराव्या शतकात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आणि चौदाव्या शतकात जिनप्रभसूरीच्या ‘विविधतीर्थकल्पा’त.

ही साधने एकाच नगराविषयी बोलतात, पण एकाच नगराचे बोलत नाहीत. दानलेखाला दाता हवा असतो, व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेला बाजारपेठ, भूगोलकाराला राजाचे ठिकाण, कथाकाराला अद्भुताची रंगभूमी. प्रत्येक प्रकार आपल्या गरजेचे नगर घडवितो. या सर्वांची बेरीज करून आपण ‘सातवाहनांची राजधानी’ असे एकसंध चित्र तयार करतो आणि मग त्या चित्राच्या आधारे गाथांना दरबारी अथवा लोककाव्य ठरवितो. हा वर्तुळाकार युक्तिवाद आहे.

खुद्द संग्रहही एकसंध नाही. त्याच्या निरनिराळ्या पाठपरंपरांत समान असलेल्या गाथा सुमारे ४३० आहेत. उरलेल्यांत भर आणि बदल झाले. म्हणून त्याला एका राजाच्या, एका नगराच्या, एका काळाच्या खुंटीला टांगणे धोक्याचे आहे.

तथापि गाथा केवळ नागर विलासाची निर्मिती आहेत, असे म्हणून सुटका होत नाही. राजधानी जगते ती भोवतालच्या शेतीवर आणि वाटांवर. आणि गाथांत नेमके शेत व वाट यांनाच स्थान आहे. ज्या श्रमावर नगर उभे असते, तो श्रम येथे शृंगाराचे निमित्त होऊन येतो. हे रूपांतर हीच या संहितेची खरी ऐतिहासिक साक्ष होय. नांगऱ्या कसा जगत होता हे ती पुरतेपणी सांगत नाही. नगराला तो कसा पाहावासा वाटत होता, हे मात्र ती निःसंदिग्धपणे सांगते.

या साक्षीचा उपयोग करायचा, तर गाथांतून लोकजीवनाच्या याद्या काढण्याआधी त्या पाहणाऱ्या नजरेची जागा निश्चित करावी लागेल. ते काम इतिहासकाराइतकेच समीक्षकाचेही आहे.