मुठीचं पान

होंडाची सीआरएफ४५०आर ही मोटोक्रॉसची गाडी २००२ साली आली. दिवे नाहीत, आरसे नाहीत. जन्म फक्त मातीसाठी. ती विकत घेणाऱ्याच्या हाती जे मॅन्युअल पडायचं त्याला होंडानं शर्यतीचं हॅण्डबुकही म्हटलं होतं. शर्यतीची गाडी मालकाला वरचेवर उघडावी लागते, म्हणून नेहमीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये जे ‘डीलरकडे न्या’ म्हणून टाळलेलं असतं ते इथे बरंचसं सांगून टाकलेलं असतं. या पुस्तकात थ्रॉटलच्या, आपल्या बोलीत एक्सलेटरच्या, वाट्याला थोडीच जागा आली आहे. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मूठ जड झाली की तेलकट बोटांनी हे पान उघडायचं आणि काम झालं की मिटायचं, एवढाच त्याचा वाचक. पण ते सावकाश वाचलं तर फार चांगलं गद्य आहे असं माझं मत आहे.

पानाला भिडण्याआधी यंत्र डोळ्यांपुढे हवं. रबरी मुठीच्या आत प्लॅस्टिकची नळी असते, ती हॅण्डलच्या पाइपावर सैल बसलेली. नळीच्या आतल्या टोकाला छोटी चक्री, चक्रीला अडकवलेली केबल. ही केबल टाकीखालून कार्ब्युरेटरपर्यंत जाते, तिथली हवेची वाट अडवणारी स्लाइड वर उचलते आणि इंजिनाला श्वास मिळतो. मूठ सोडली की स्प्रिंग स्लाइडला खाली ओढते. होंडानं इथे दोन केबली दिल्या आहेत: एक उघडायला, दुसरी बंद करायला. स्प्रिंग दगा देईल किंवा स्लाइड चिकटेल, तेव्हा मूठ उलटी फिरवून ती हातानं बंद करता यावी, हा हिशेब.

आता पान. सुरुवात साधी आहे: मुठीचं घर जागेवर आहे ना, त्याचे बोल्ट घट्ट आहेत ना, ते पाहा. हे वाक्य वाचणारे बहुतेक जण पुढे सरकतात, आणि तिथेच फसतात. मूठ जड होण्याची बरीच प्रकरणं या पहिल्या ओळीतच निकालात निघावीत. गाडी पडली, हॅण्डल जमिनीवर आपटलं, मूठ बाहेरच्या अंगाला सरकून हॅण्डगार्डच्या टोकाला घासायला लागली. किंवा पाइपाच्या टोकाला खरवड उठली आणि नळी तिच्यावर अडू लागली. किंवा घराच्या आत चिखल गेला, वाळला, आणि चक्रीच्या फटीत त्याचं सिमेंट झालं. यातल्या कशालाही तेल हा उपाय नाही. मूठ किंचित आत घ्या, खरवड बारीक कानसेनं घासा, घर उघडून पुसून काढा. नळीच्या आत ग्रीस भरायचा मोह अनेकांना होतो. मातीत फिरणाऱ्या गाडीला ते मानवत नाही, कारण ग्रीसला धूळ चिकटते आणि तिची घासणारी पेस्ट बनते. मॅन्युअल यातलं काहीच उलगडून सांगत नाही. ते नुसतं सुरुवात कुठून करायची ते ठरवतं: हाताजवळून.

दुसरं वाक्य या पानाचा प्राण आहे. मूठ पूर्ण उघडी ते पूर्ण बंद अशी अडथळ्याविना फिरते का ते बघा, आणि हे हॅण्डलच्या प्रत्येक स्थितीत बघा. ‘प्रत्येक स्थितीत’ हा तुकडा वाक्यात नसता तरी व्याकरण बिघडलं नसतं; पान मात्र निकामी झालं असतं. आपण गॅरेजात मूठ तपासतो तेव्हा हॅण्डल सरळ असतं. केबल तेव्हा आरामात पडलेली असते. हॅण्डल पूर्ण डावीकडे वळवा, मग उजवीकडे, म्हणजे स्टिअरिंगच्या मानेपाशी ती कुठे ताणली जाते, कुठे चेपते, टाकीखाली कशाच्या कोपऱ्याला दुमडते ते उघडं पडतं. होंडाच्या वर्कशॉप मॅन्युअलांत याचाच पुढचा भाग येतो: इंजिन आयडलला ठेवून हॅण्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आवाज वाढता कामा नये. वाढला तर केबल चुकीच्या वाटेनं गेली आहे. वळणावर हॅण्डल पुरतं वळलेलं असताना गाडीनं आपणहून रेस घेणं म्हणजे काय, हे डोंगरातल्या पायवाटेवर गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लिहिणाऱ्यानं अपघाताचा शब्दही न काढता त्याची जागा अचूक दाखवून दिली आहे.

आणखी एक बारकावा. सगळा भर बंद होण्यावर आहे. एक्सलेटर म्हटलं की आपल्या डोक्यात वेग येतो, मूठ पिळणं येतं. या पानाला पिळण्यात फारसा रस नाही. मूठ परत येते ना, आपणहून येते ना, हाच त्याचा ध्यास. जड उघडणारी मूठ मनगट दुखवते. जड मिटणारी मूठ माणसाला झाडावर नेते. (तशी वेळ आलीच तर क्लच दाबा आणि डाव्या हाताजवळचं इंजिन बंद करायचं बटण दाबा, मूठ सोडवत बसू नका.)

मग केबल. मुठीपासून कार्ब्युरेटरपर्यंत तिच्यावरून नजर फिरवा. पिळली असेल, घासली असेल तर बदला. बाजारात मिळणारं केबलचं वंगण घाला. इथे मला पान जरा घाईत वाटतं. आपल्याकडचे मेकॅनिक ‘केबल सुकलीय’ म्हणतात, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीची पुंगळी घट्ट बांधून तिच्यात तेल सोडतात आणि खालून थेंब टपकेपर्यंत थांबतात. त्या थांबण्यात निदान असतं. तेल काळं, तपकिरी होऊन उतरलं तर आत गंज आहे, आणि टोकाच्या गोळ्यापाशी एखादी तार सुटून ब्रशासारखी पसरलेली दिसली तर तेलाचा प्रश्नच संपला. वर्कशॉप मॅन्युअलात याच ठिकाणी कडक ताकीद आहे: दुमडलेली, पिळलेली केबल पुन्हा वापरलीत तर स्लाइड नीट चालणार नाही आणि चालत्या गाडीवरचा ताबा जाऊ शकेल. ताकिदीचा सूर वकिली आहे, पण मजकूर मेकॅनिकचा आहे.

आकडा येतो तो एवढं झाल्यावर. मुठीच्या कडेवर मोजायची मोकळी चाल, म्हणजे प्ले: ३ ते ५ मिलिमीटर. अगदी बाळबोध मॅन्युअलात हा आकडा पहिल्या ओळीत येतो आणि वाचणारा पाना घेऊन थेट केबलच्या ॲडजस्टरवर धावतो. इथे हात, नजर, वंगण आणि मग मोजपट्टी असा क्रम आहे. पाच म्हणजे ढिली, तीन म्हणजे घट्ट असा अर्थ लावू नये. इतकी चाल केबलला जगायला लागतेच, नाही तर मघाशी पाहिलं तसं हॅण्डल वळवताच ती स्लाइड उचलू लागेल. किरकोळ फरक वरच्या ॲडजस्टरनं करायचा: रबरी टोपी मागे सरकवा, लॉकनट सैल करा, फिरवा, लॉकनट कसा. मोठा फरक खालच्या ॲडजस्टरनं, म्हणजे टाकी उतरवून. आणि शेवटी पुन्हा तीच तपासणी, पुन्हा प्रत्येक स्थितीत. लेखक आपलं सर्वांत चांगलं वाक्य दोनदा वापरतो. ललित लेखनात संपादकानं ते छाटलं असतं.

असल्या गद्याची कदर करणारा एक मोठा वाचक होऊन गेला. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) लिहिणारा रॉबर्ट पर्सिग स्वतः पोटासाठी तांत्रिक मॅन्युअलं लिहीत असे. त्याच्या पुस्तकात सूचनापत्रकांवर एक लांब चर्चा आहे. एकच रीत खरी असं भासवणारी पत्रकं त्याला खटकतात, आणि ती लिहिणारा माणूस अनेकदा कामापासून दूर बसलेला असतो हेही. होंडाचं हे पान त्या आरोपातून बऱ्यापैकी सुटतं, कारण ते रीत कमी सांगतं आणि काय जाणवलं पाहिजे ते जास्त सांगतं. आपल्याकडे २०१९ साली हीरोची एक्सपल्स २०० आल्यापासून मातीत जाणारी गाडी सामान्य मराठी घरातही पोचली आहे, आणि चिखलातून परतल्यावर जड झालेली मूठ तिथेही तीच आहे. या तपासणीला कंपनीचा बिल्ला लागत नाही.

एक उणीव मात्र खरीच. जडपणा नेमका कुठे आहे ते शोधायची सगळ्यात सोपी युक्ती या पानात नाही. केबली कार्ब्युरेटरकडून सोडवा आणि मूठ फिरवा. अजून जड असेल तर दोष वर आहे. मग मुठीकडून सोडवा, रिकामी नळी फिरवा, केबल हातानं ओढून बघा. सगळं हलकं निघालं तर स्लाइडकडे वळा, तिच्यावरची घाण, तिच्या बाजूचे छोटे रोलर तपासा. इंजिनाच्या ओढीनं स्लाइड भिंतीला चिकटू नये म्हणून ते दिलेले असतात. एवढ्यानं संध्याकाळ वाचते. हे सगळं मला या पानात घालायची मुभा मिळाली तर मी ते वंगणाच्या ओळीआधी घालीन. नंतर घातलं तर कोणी वाचणार नाही, तोवर तेल ओतून झालेलं असेल.