करुनागपल्लीचा पेपर आणि गोदामातलं थोरियम

थोरियमच्या जुन्या साठ्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, केरळात लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाळूवर राहतात. काही होत नाही त्यांना, पेपर आहे त्यावर." आमच्या गटातल्या चर्चेतही हे वाक्य आलं आणि विषय तिथेच मिटला. तो मिटायला नको होता. पेपर चांगला आहे, पण तो या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. कसं, ते आज बघू.

आधी हा प्रश्न आपल्याकडे कुठून आला ते. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज असतं, आणि त्यात नऊ टक्क्यांच्या आसपास थोरियम ऑक्साइड. ते फोडून रेअर अर्थ मूलद्रव्यं काढायचा इंडियन रेअर अर्थ्सचा कारखाना १९५२ मध्ये अलुव्याला सुरू झाला. उरलेला थोरियमचा भाग शुद्ध करायला १९५५ मध्ये ट्रॉम्बेला प्लांट आला. गॅसबत्तीच्या मेंटलला लागणारं थोरियम नायट्रेट तिथे बनायचं. घाटकोपरहून मानखुर्दकडे जाताना जी टेकडी दिसते, तिच्या पलीकडे. म्हणजे वाळू केरळची असली तरी विषय आपल्या लिंक रोडपासून फार लांबचा नाही.

आता पेपर. नायर आणि सहकारी, 'हेल्थ फिजिक्स', २००९. करुनागपल्ली भागातली ६९,९५८ माणसं, सरासरी साडेदहा वर्षांचा पाठपुरावा, २००५ अखेरपर्यंत कॅन्सरच्या १,३७९ केसेस. घराघरांत जाऊन आत-बाहेर गॅमा मोजला, आणि माणूस किती वेळ घरात असतो हे धरून प्रत्येकाचा डोस काढला. एवढी मेहनत फार कमी अभ्यासांत दिसते. निष्कर्ष असा की दर ग्रेमागे अतिरिक्त सापेक्ष जोखीम उणे ०.१३, ९५ टक्के विश्वासमर्यादा उणे ०.५८ ते अधिक ०.४६.

बहुतेक जण उणे ०.१३ वाचतात आणि थांबतात. तुम्ही कंस वाचा. वरची मर्यादा ०.४६ आहे. हिरोशिमा-नागासाकीच्या अभ्यासात घन ट्यूमरसाठी हा आकडा ०.४७ च्या आसपास येतो (वयाच्या तिसाव्या वर्षी डोस, सत्तराव्या वर्षी जोखीम). दोन्हींची मांडणी वेगळी आहे, तेव्हा थेट तुलना जपून करायची. पण एवढं नक्की, की या कंसात 'काहीच परिणाम नाही' बसतं आणि 'बराच परिणाम आहे' हेही जवळपास बसतं. परिणाम दिसला नाही आणि परिणाम नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ल्युकेमियाच्या केसेस तर फक्त ३०. पुढे हा पाठपुरावा वाढवला गेला, २०२१ मध्ये पुन्हा निकाल आले, आणि वाढीव जोखीम त्यातही दिसली नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीही सोयीचं तेवढंच वाचतोय असं होईल.

म्हणून माझा मुख्य आक्षेप आकड्यांवर नाहीच. समजा जोखीम अगदी शून्य आहे. तरी गोदामाबद्दल काय कळलं?

पहिला फरक रूपाचा. वाळूतलं थोरियम मोनाझाइटच्या स्फटिकात घट्ट अडकलेलं असतं. कारखान्यात कॉस्टिक सोड्याने ते स्फटिक मोडतात आणि हायड्रॉक्साइडचा लगदा हाती येतो. तो आम्लात विरघळतो, वाळला की त्याची धूळ होते. आणि पेपरने मोजला तो बाहेरून येणारा गॅमा. श्वासातून आत जाणाऱ्या धुळीचा हिशोब त्या डोसमध्ये नाही.

दुसरा फरक वेळेचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाळूतली थोरियमची साखळी कधीच समतोलात आलेली आहे. आज मोजा, पन्नास वर्षांनी मोजा, आकडा तोच. प्रक्रियेत मात्र रेडियम-२२८ वेगळ्या गाळात जातं. मग थोरियम-२२८ ची भरपाई थांबते आणि ते घटत जातं: साधारण साडेचार वर्षांनी मूळच्या ४२ टक्क्यांवर येतं. तोवर नवं रेडियम साचायला लागलेलं असतं, त्यामुळे आकडा पुन्हा चढतो आणि तीस वर्षांत ९६ टक्क्यांवर पोचतो. अर्धायुष्यं ५.७५ आणि १.९ वर्षं घ्या, बेटमनची समीकरणं मांडा, अर्ध्या तासात आलेख निघेल. रेडियम पूर्ण निघालं असं मी इथे धरलंय. भेदक गॅमा याच साखळीच्या शेपटाकडून येतो. थोडक्यात, पाचव्या वर्षी मोजून "कमी आहे" म्हणालात, तर तुम्ही नेमका खड्ड्याचा तळ मोजलात.

तिसरा फरक जबाबदारीचा. किनाऱ्याला पिंप नसतं, ते गंजत नाही. अमेरिकेने सुमारे ३२ लाख किलो थोरियम नायट्रेट कित्येक दशकं दोन डेपोंत ठेवलं होतं, मेरीलँडमधलं कर्टिस बे आणि इंडियानातलं हॅमंड. गिऱ्हाईक उरलं नाही, पिंपं मात्र सांभाळावी लागतच होती. शेवटी २००४-०५ मध्ये सगळं नेवाडात नेऊन पुरलं. अलुव्याला वेगळा मार्ग घेतला: 'थ्रस्ट' प्रकल्पात जुन्या सायलोंमधला साठा बाहेर काढला, युरेनियम वेगळं केलं आणि थोरियम ऑक्झलेट करून पुन्हा साठवलं. दोन्हीकडे प्रश्न होता तो पिंपांचा, भिंतींचा आणि पुढच्या पन्नास वर्षांत पैसे कोण भरणार याचा. कॅन्सरच्या कोणत्याही कोहॉर्टमध्ये याचं उत्तर सापडणार नाही.

तेव्हा साठ्यावरचा कुठलाही पेपर हातात आला की चार गोष्टी शोधा: पदार्थ कोणत्या रासायनिक रूपात आहे, वेगळा करून किती वर्षं झाली, मोजणी एकदाच झाली की दर काही वर्षांनी, आणि कुंपणाबाहेर कोणी मोजलं का. नायर यांच्या पेपरमध्ये हे नाही, कारण त्यांनी तसा दावाच केलेला नाही. दावा उद्धृत करणाऱ्यांचा आहे. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हा संदर्भ टाकण्याआधी तो कोणत्या वाक्याला आधार देतोय, तेवढं एकदा तपासून घ्या.