शिंग्रोबा : वास्तूची भूतकथा आणि मृतांची गणना

ऐतिहासिक वास्तूला जोडलेली भूतकथा बहुधा दोनच खात्यांत जमा केली जाते : अंधश्रद्धा किंवा रंजन. परंतु कथेने कोणता मृत्यू जपला आणि कोणते मृत्यू वगळले, हा प्रश्न या दोन्ही वर्गीकरणांत अस्पर्शित राहतो. शनिवारवाडा आणि बोरघाट यांच्या कथा शेजारी ठेवून वाचल्या असता तो टाळता येत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १८२८ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग नष्ट झाला. तरी ‘काका, मला वाचवा’ ही हाक तेथे रात्री ऐकू येते, अशी लोकसमजूत टिकून आहे. येथे भूताला नाव, कुळ आणि मृत्यूची तिथी आहे. इतिहासाने आधीच नोंदवलेल्या मृत्यूला कथा केवळ आवाज पुरवते.

खालापूर तालुक्यात, खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या जुन्या रस्त्यावरील शिंग्रोबाची कथा याहून वेगळी आहे. घाटातून लोहमार्ग कोठून न्यावा हे साहेबाला उमगेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखवली. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, असे ही कथा सांगते. पुढे तो घाटाचा रक्षक देव झाला. अकाली मेलेल्याला ठाव आणि मान देऊन भूताचा देव करण्याची ही जुनी लोकरीत होय.

वृत्तांत म्हणून ही कथा टिकणे कठीण आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता माल्कमच्या कारकिर्दीत १८३० मध्येच खुला झाला होता. घाट अज्ञात नव्हता. स्वातंत्र्याची मागणी हा तर उघडच राष्ट्रवादी काळाचा थर दिसतो. मात्र एवढ्यावर कथा निकालात काढणे म्हणजे तिचा आशय न वाचणे होय. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात चालले. १८६१ च्या सुमारास तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये दंगा झाला. पटकीने आणि अपघातांनी असंख्य माणसे मेली. इयन केर यांच्या अभ्यासाने या श्रमाच्या इतिहासाकडे लक्ष वेधले आहे. त्याच १८५९ मध्ये वारलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आणि काम तडीस नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस यांची नावे उरली. मजुरांची उरली नाहीत.

शिंग्रोबाचा अन्वयार्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो. वाट ज्याची, श्रम ज्याचे, त्यालाच मोबदल्यात मृत्यू, हे सूत्र तपशिलाने असिद्ध असले तरी संबंधाच्या पातळीवर अचूक आहे. तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुताचे लक्षण म्हणून वाचकाची द्विधा मांडली. ती येथे लागू पडत नाही. मंदिरापुढे नाणे टाकणाऱ्या वाहनचालकापुढे ‘हे खरे की भास’ असा पेच नसतो. तो देणे फेडीत असतो. भयाची जागा येथे ऋणाने घेतली आहे, आणि साहित्यप्रकाराचे निकष घेऊन आलेल्या समीक्षेला नेमके हेच दिसत नाही.

तथापि या कथेचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. हजारोंचे मरण एका पुरुषाच्या हौतात्म्यात एकवटताना स्त्रिया, मुले आणि परमुलखांतून आलेले मजूर पुन्हा अदृश्य होतात. अनामिकांची आठवण राखण्यासाठी लोकमानसालाही एक नाव लागलेच. शनिवारवाड्याच्या भूताला इतिहासाने नाव दिले. बोरघाटात ते कथेला निर्माण करावे लागले. या दोहोंतील अंतर हे वर्गाचे आणि जातीचे अंतर आहे. ‘भूत आहे की नाही’ हा वाद त्यामुळे गौण ठरतो. भूत होण्याचा अधिकार कोणाला मिळाला, हा समीक्षेचा प्रश्न आहे.