संशोधकांची बैठक : वाद कीं जल्प?

ज्या सभेंत टाळ्या पडतात ती सभा चांगली झाली, असें आपण समजतों. संशोधकांच्या बैठकीला हें माप लावून चालत नाहीं. जिला सेमिनार म्हणतात ती ही बैठक व्याख्यान नव्हे व परीक्षाहि नव्हे. जें ज्ञान अद्याप पुस्तकांत स्थिरावलेलें नाहीं, त्याची जाणत्यांकडून पारख करून घेण्याची ती जागा होय. आपल्या नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठीं चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें केवळ खंडन करावयाचें ती वितंडा. विसाव्या शतकांतील तीन नामांकित बैठकी या कसोटीला लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली पदार्थविज्ञानाची. मॉस्को येथें लेव्ह लांदाउ यांची बैठक गुरुवारीं सकाळीं भरे. परदेशीं प्रसिद्ध झालेले नवे निबंध लांदाउ निवडून देत, आणि ज्याची पाळी असेल त्यानें ते वाचून इतरांस समजावून द्यावयाचे. ज्याला निबंधाचें मर्म सांगतां येईना, त्याची गय होत नसे. या धाकानें त्या मंडळींस वाचनाची शिस्त लागली, हें कबूल केलेंच पाहिजे.

दुसरी जीवशास्त्राची. मॅक्स डेलब्रुक हे मूळचे पदार्थवैज्ञानिक. कोपनहेगन येथें १९३२ सालीं नील्स बोर यांचें प्रकाश व जीवन या विषयावरील व्याख्यान ऐकून ते जीवशास्त्राकडे वळले, व १९६९ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. अमेरिकेंत पॅसाडेना येथें व्याख्यान संपतांच, इतकें वाईट व्याख्यान आपण कधीं ऐकलें नव्हतें, असें वक्त्यास तोंडावर सांगण्याबद्दल त्यांची ख्याति होती. हा स्पष्टवक्तेपणा कित्येकांस गोड वाटतो. आम्हांस वाटत नाहीं. काय चुकलें हें न सांगतां दिलेला असा अभिप्राय वितंडेच्या उंबरठ्यावर उभा असतो.

तिसरी गणिताची. इझ्राएल गेल्फांद यांनीं मॉस्को विद्यापीठांत १९४३ सालीं सुरू केलेली सोमवारची बैठक अनेक दशकें चालली. जीवशास्त्राचीहि अशीच बैठक त्यांनीं पुढें चालविली. तेथें ठरलेल्या वेळेचा धरबंध नव्हता, आणि वक्त्याला वाक्य पुरें करूं मिळेल याची शाश्वति नव्हती. गेल्फांदहि वक्त्याचा पाणउतारा करीत, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु श्रोत्यांपैकीं एखाद्या तरुणाला उभें करून, "तुम्हांला हें समजलें काय?" असें ते विचारीत, समजलें नसेल तर वक्त्याला पुन्हां सांगावें लागे. येथें कसोटी वक्त्याच्या विद्वत्तेची नसून श्रोत्याच्या आकलनाची होती. म्हणून तिघांत ही बैठक आम्हांस वादाच्या सर्वांत जवळची वाटते.

तीक्ष्ण प्रश्न अवश्य असावेत. मऊ सभेंत चुका सुखानें नांदतात. पण प्रश्नाचें टोंक विधानाला लागावें, माणसाला नव्हे. उपहासानें एकदां गप्प बसलेला तरुण पुन्हां शंका काढीत नाहीं, आणि कदाचित् त्याचीच शंका खरी असते. तेव्हां बैठकीची थोरवी किती मोठे पंडित जमले यावरून ठरवूं नये. सर्वांत मागें बसलेल्या विद्यार्थ्याला "मला हें समजलें नाहीं" असें निर्भयपणें म्हणतां आलें कीं नाहीं, एवढेंच पाहावें.