समस्या आणि पूर्ती : व्हॅल ल्यूटनचे भयपट व त्यांची पोस्टरे

निव्वळ व्यापारासाठी निर्माण झालेल्या कलाकृतींकडे पाहण्याच्या दोन रीती समीक्षेत रूढ आहेत. पहिली उपेक्षेची. तिच्या दृष्टीने स्वस्त भयपट आणि त्याचे भडक पोस्टर ही बाजारातील वस्तू होय. तिचा विचार हिशेबनीसाने करावा, रसिकाने नव्हे. दुसरी रीत वरवर उदार दिसते. ती अशा चित्रपटांतील पुठ्ठ्याच्या गुहांना आणि रबरी राक्षसांना हसते आणि त्या हसण्यालाच आस्वाद म्हणते. सूझन सोंटॅगने १९६४ साली ‘कॅम्प’ या अभिरुचीवर टिपणे लिहिल्यापासून अशा आस्वादाला एक प्रकारची प्रतिष्ठाही लाभली आहे. या दोन्ही रीती परस्परविरोधी भासल्या तरी त्यांच्यात एक साम्य आहे. या कलाकृतीपुढे नेमका कोणता प्रश्न होता आणि तिने तो कसा सोडविला, हे दोन्ही विचारीत नाहीत.

‘बी’ वर्गाचा चित्रपट या शब्दप्रयोगातील ‘बी’ हे अक्षर मुळात गुणवत्तेचे निदर्शक नव्हते. ते हिशेबाचे अक्षर होते. १९३०–४० च्या काळात अमेरिकन चित्रपटगृहांतून एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा होती. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्या कंपनीचा टक्केवारीने वाटा असे. जोडीच्या चित्रपटाला मात्र ठरीव भाडे मिळे. मिळकतीला अशी मर्यादा पडल्यावर खर्चालाही मर्यादा पडणे अपरिहार्य होते. थोडे दिवस, थोडे पैसे, उसने नेपथ्य आणि प्रेक्षकाला आत ओढणारे नाव ही या वर्गाची सामग्री होय. ते नाव रस्त्यावर मिरविणारे पोस्टर हा या व्यवहाराचा दर्शनी दरवाजा होता.

आरकेओ या कंपनीने १९४२ साली व्हॅल ल्यूटन याच्याकडे भयपटांचा विभाग सोपविला, तेव्हाच्या अटी या पार्श्वभूमीवर पाहण्यासारख्या आहेत. खर्च दीड लाख डॉलरांच्या आत राहिला पाहिजे, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या आत असली पाहिजे, आणि नाव कंपनी ठरवील. यांपैकी तिसरी अट विलक्षण आहे. येथे कथेला नाव द्यावयाचे नव्हते. नावाला कथा द्यावयाची होती. ल्यूटन हा याल्टा येथे जन्मलेला, बालपणीच अमेरिकेत आलेला, कादंबऱ्या लिहिलेला आणि डेव्हिड सेल्झनिक याच्या पदरी कथाविभाग सांभाळलेला गृहस्थ. त्याच्यासारख्या वाङ्मयप्रेमी माणसाला ‘कॅट पीपल’ हे पहिले नाव मिळाले तेव्हा त्याची किती कुचंबणा झाली असेल, याची कल्पना करता येते.

तथापि भारतीय काव्यपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला ही अट अगदीच अपरिचित वाटू नये. राजसभेत श्लोकाचा अखेरचा चरण दिला जाई. बहुधा तो मुद्दामच असंबद्ध वा चमत्कारिक असे. कवीने आधीचे तीन चरण असे रचावयाचे की, त्या असंबद्ध चरणाला अनपेक्षित पण अटळ अर्थ प्राप्त व्हावा. हीच समस्यापूर्ती. समस्या कवीची नसते. पूर्ती मात्र सर्वस्वी त्याची असते. समस्या हिणकस आहे म्हणून पूर्ती हिणकस ठरत नाही आणि समस्या मान्य केली म्हणून कवीचे स्वातंत्र्य नष्ट होत नाही. ल्यूटनच्या चित्रपटांचे मूल्यमापन याच भूमिकेवरून होणे न्याय्य ठरेल. कंपनीचे नाव आणि त्या नावाला डोळ्यांपुढे उभे करणारे पोस्टर ही समस्या. चित्रपट ही पूर्ती.

‘कॅट पीपल’च्या पोस्टरवर नायिका सिमोन सिमाँ हिच्या जोडीला काळा बिबळ्या आहे. ही स्त्री म्हणजेच हे श्वापद, असे ते पोस्टर उघड सांगते. काव्यशास्त्राच्या परिभाषेत तो अभिधेचा व्यापार झाला. जाक तूर्नर याने दिग्दर्शित केलेला चित्रपट हेच विधान शंकेच्या रूपात मांडतो. न्यूयॉर्कमध्ये राहणारी इरेना ही सर्बियन तरुणी. प्रेमाचा वा मत्सराचा उद्रेक झाला की आपले श्वापद होईल, या भयाने ती पतीपासून दूर राहते. पतीची सहकारिणी ॲलिस रात्री उद्यानाच्या भिंतीलगत चालली आहे. तिच्या मागे दुसऱ्या पावलांचा आवाज येतो. तो एकाएकी थांबतो. ॲलिस थबकते, पुन्हा चालू लागते. शांतता असह्य होते आणि अकस्मात एक फुत्कार ऐकू येतो. तो असतो समोर येऊन थांबलेल्या बसचा. पुढे तळघरातील पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात पाण्याचे कवडसे भिंतींवर व छतावर हलत राहतात, कोठून तरी गुरगुर येते आणि एक सावली सरकते. एवढेच. छायाचित्रकार निकोलस मुसुराका याच्या काळोखाने जे लपविले, ते प्रेक्षकाच्या मनाने पुरे केले.

भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले. पहिल्याचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. ‘कॅट पीपल’मधील भय जुगुप्सेचा आधार घेत नाही, कारण त्याचा विभाव डोळ्यांपुढे ठरतच नाही. चित्रपटाची सर्व शक्ती या अनिश्चिततेत आहे. म्हणूनच नकाशे काढण्याच्या कचेरीतील प्रसंगात प्रत्यक्ष बिबळ्या दिसावा असा कंपनीने आग्रह धरला, तेव्हा तूर्नरने त्याला शक्य तितके सावलीत ठेवले. व्यंग्य अर्थ कवीने पुन्हा स्वतःच्या शब्दांनी उघड केला तर तो ध्वनी राहत नाही, असे आनंदवर्धनाने बजावले आहे. तो आग्रह म्हणजे पोस्टरची अभिधा चित्रपटावर लादण्याचाच यत्न होता. १९८२ साली पॉल श्रेडर याने याच नावाने नवा चित्रपट काढला आणि त्यात मनुष्याचे श्वापदात होणारे रूपांतर उघडपणे दाखविले. त्यातील कारागिरी नाकारता येत नाही. परंतु तेथे शंकेला जागा उरत नाही, आणि शंकेबरोबर भयाचा बराचसा भागही जातो.

दुसरी समस्या याहून अवघड होती : ‘आय वॉक्ड विथ अ झोम्बी’ (१९४३). एका नियतकालिकातील लेखाचे हे सनसनाटी नाव. ल्यूटनने त्याची पूर्ती करण्यासाठी शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’कडे धाव घेतली. वेस्ट इंडीजमधील एका कल्पित बेटावर कॅनडाहून एक परिचारिका येते. मळ्याच्या मालकाची पत्नी चालते-फिरते, पण तिला जाणीव उरलेली नाही. हा तापाचा परिणाम की मंत्रतंत्राचा, याचा निर्णय चित्रपट अखेरपर्यंत देत नाही. पण या पूर्तीचे खरे मर्म अन्यत्र आहे. मळ्याच्या बागेत बाणांनी विद्ध झालेल्या संत सेबास्टियनची मूर्ती उभी आहे. ती एके काळी गुलामांच्या जहाजाच्या नाळेवर बसविलेली होती. पूर्वजांना साखळदंडांनी जखडून आणणाऱ्या त्या जहाजाविषयी गाडीवान सांगतो; परिचारिका उत्तरते की, त्यांना निदान सुंदर ठिकाणी तरी आणले; आणि तो तिचे म्हणणे इतक्या विनयाने मान्य करतो की, तो विनयच चपराक ठरावा. जिवंत असून स्वतःची इच्छा नसलेला देह म्हणजे झोम्बी, हा अर्थ गुलामगिरीच्या इतिहासाशी जोडला गेला की बाजारू नाव एकदम गंभीर होते. समस्येच्या चरणाला अनपेक्षित पण अटळ अर्थ देणे ते हेच.

तिसऱ्या उदाहरणात मात्र हा संबंध ताणला गेला. ‘द कर्स ऑफ द कॅट पीपल’ (१९४४) या नावाखाली प्रेक्षकांना मिळाली ती एका एकाकी मुलीची कथा. इरेनाच्या पतीची ही दुसऱ्या विवाहापासून झालेली कन्या. कल्पनेतील मैत्रीण म्हणून ती दिवंगत इरेनालाच बोलावून घेते. चित्रपटाच्या शिखरबिंदूला जिच्या हातून तिचा गळा आवळला जाणार, तिलाच ती मैत्रीण समजून मिठी मारते आणि ते हात सैल पडतात. जेम्स एजीसारख्या चोखंदळ समीक्षकाने ‘द नेशन’मधून याची गांभीर्याने दखल घेतली. चित्रपट उत्तम आहे. परंतु नावाशी त्याचे नाते उरलेले नाही. ही पूर्ती नव्हे, समस्येला दिलेली बगल होय. येथे पोस्टर आणि नाव खोटे पडतात, आणि त्याचा दोष केवळ जाहिरात खात्यावर ढकलता येत नाही.

ल्यूटनच्या मर्यादा आणखीही आहेत. उद्यानातील तो फुत्कार इतका यशस्वी झाला की, तशा प्रत्येक दचक्याला त्याच्या मंडळीत ‘बस’ हेच नाव पडले. लक्षणा रूढ झाली की तिच्यातील चमत्कार जसा विरतो, तसे पुढील काही चित्रपटांत या युक्तीचे झाले. ‘आयल ऑफ द डेड’ (१९४५) बॉक्लिनच्या चित्रावरून आणि ‘बेडलम’ (१९४६) होगार्थच्या चित्रमालिकेवरून सुचले. त्यांत चित्रकलेचा संस्कार आहे, पण संवाद कित्येकदा ग्रंथांतून उचलल्यासारखे वाटतात. १९५१ साली, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ल्यूटनचा अंत झाला.

येथवरच्या विवेचनावरून पोस्टर म्हणजे केवळ समस्या, कला ती चित्रपटात, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. पोस्टर ही स्वतंत्र कला आहे आणि तिचे नियम निराळे आहेत. सत्तावीस इंच रुंद व एक्केचाळीस इंच उंच अशा कागदावर, चालत्या माणसाला एका दृष्टिक्षेपात सर्व सांगावयाचे असते. तेथे व्यंजनेला अवकाश कमी. युनिव्हर्सल कंपनीच्या जाहिरात खात्यातील कॅरोली ग्रोस याचे ‘द ममी’चे (१९३२) पोस्टर किंवा रेनल्ड ब्राउन याचे ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’चे (१९५८) पोस्टर पाहावे. ब्राउनच्या चित्रात हमरस्त्यावर पाय रोवून उभी असलेली महाकाय स्त्री मोटारी उचलीत आहे. चित्रपटात हे दृश्य नाहीच! जे धैर्य चित्रपटाला झाले नाही ते चित्रकाराने केले; येथे समस्या पूर्तीहून श्रेष्ठ ठरली. अमेरिकन इंटरनॅशनल या कंपनीने तर आधी नाव, मग पोस्टर आणि शेवटी कथा, असा क्रमच बांधला होता. ‘द बीस्ट विथ अ मिलियन आइज’ (१९५५) या नावाची पूर्ती अशी की, परग्रहावरचा जीव पृथ्वीवरील पशुपक्ष्यांच्या डोळ्यांतून पाहतो. युक्ती चतुर आहे, पण चातुर्यापलीकडे जात नाही. अल्बर्ट कॅलिसचे पोस्टर पाहून आलेल्यांना राक्षस हवा होता, म्हणून शेवटी एक छोटी बाहुली करून दाखवावी लागली.

ही पोस्टरे टिकावीत असा कोणाचाच हेतू नव्हता. ती घड्या घालून पाठविली जात, परत मागविली जात आणि फाटेपर्यंत वापरली जात. त्यामुळेच आज ती दुर्मिळ आहेत. १९९७ साली ‘द ममी’चे एक पोस्टर ४,५३,५०० डॉलरांना विकले गेले. ही रक्कम दुर्मिळतेची द्योतक आहे; गुणवत्तेचा तो पुरावा नव्हे. उपेक्षा आणि उपहास यांच्या जोडीला लिलाव ही तिसरी रीत आता आली आहे, आणि तीही कलाकृतीचा प्रश्न विचारीत नाही.

हा प्रश्न अमेरिकेपुरता मर्यादित नाही. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा व गूढकथा पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. समीक्षेने मात्र ‘लोकप्रिय’ हे एक विशेषण देऊन त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य बव्हंशी संपविले. साच्याने लेखकापुढे कोणती समस्या टाकली आणि त्याने ती कोठे पूर्ण केली, कोठे टाळली, कोठे नुसती चातुर्याने निभावून नेली, हे कथा-कथा घेऊन पाहणे बाकी आहे. त्यात काही थोर निघेल, पुष्कळ सामान्य निघेल. परंतु हा निवाडा वाचून व्हावयास हवा. बाजाराने घातलेली अट कलाकृतीला क्षुद्र करतेच असे नाही. ती अट नीट न पाहता दिलेला निर्णय मात्र समीक्षेला निश्चित क्षुद्र करतो.