‘खऽ ती-ह्वा’ : डॉ. कोटणीसांच्या चिनी नावाचा अर्थविचार

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–१९४२) यांचे चिनी नाव मराठी लेखनात येते, तेव्हा त्याच्या अखेरच्या अक्षराचाच तेवढा उलगडा केला जातो. ‘ह्वा’ म्हणजे चीन; सबब हे नाव चीनविषयीच्या प्रेमाचे निदर्शक होय, असे सांगून विषय संपविण्यात येतो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अभिधेच्या पायरीवरच थांबतो.

प्रथम नावाची घडण पाहू. काँग्रेसने १९३८ साली चीनमध्ये पाठविलेल्या वैद्यकीय पथकात अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी असे पाच डॉक्टर होते. शांतिनिकेतनातील चीन भवनाचे तान युन-शान यांनी चुंगकिंग येथे या पाचही जणांच्या नावांना ‘ह्वा’ हे अक्षर जोडले. ‘कोटणीस’चे चिनी ध्वन्यनुकरण ‘ख-ती-नी-स’ असे होते. त्यातील ‘नी-स’ गळून त्या जागी ‘ह्वा’ आले. गळाले ते नेमके ‘नवीस’, म्हणजे लेखक, या फारसी शब्दापासून आलेले आणि चिटणीस, फडणीस यांतही दिसणारे पद होय. उरले ते ‘कोट’. चिनीत मूर्धन्य स्पर्श नसल्याने ‘ट’चे कार्य दंत्य ‘त’काराने केले. रोमन लिपीतील ‘डी’ पाहून आपण ‘दी’ लिहितो. पण तेथील उच्चार अघोष व अल्पप्राण, म्हणजे ‘ती’ला जवळचा आहे.

आता अर्थ. ‘ख’ या आडनावाच्या अक्षराचा एक अर्थ फांदी असा आहे. ‘ती’ हे एका फुलझाडाचे नाव असून पुष्कळ अभ्यासक ते चेरीच्या वर्गातील झुडूप मानतात. दोन्ही अक्षरांत ‘वृक्ष’ हा घटक लिहिलेला दिसतो. ‘ह्वा’ हे चीनचे नाव खरेच, पण प्राचीन ग्रंथांत त्याचा अर्थ फूल असाही होतो. ‘ती-ह्वा’ ही जोडी ‘शि-चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातील ‘छांग-ती’ या काव्याची आठवण करून देते. त्या काव्याचा विषय बंधुभाव हा आहे. दुसऱ्या शतकातील भाष्यकार चंग श्वेन याने फूल व त्याला आधार देणारा पुष्पकोश यांत थोरल्या-धाकट्या भावांचे नाते पाहिले. पुढे ‘ती-ह्वा’ हा शब्दच ‘भाऊ’ या अर्थाचा संकेत बनला. पत्रव्यवहारात ‘धाकटा भाऊ’ या समोच्चारी शब्दाऐवजी झाडाचे ‘ती’ लिहिण्याचीही रीत पडली.

हा केवळ योगायोग होय, असा आक्षेप संभवतो. त्याला दोन उत्तरे आहेत. ‘ती’ या उच्चाराची अक्षरे चिनीत अनेक आहेत. भूमी, सम्राट, शत्रू यांचे वाचक शब्दही, स्वरभेद सोडल्यास, तसेच उच्चारले जातात. त्यांतून या झाडाचीच निवड झाली. दुसरे असे की, उरलेल्या चौघांच्या नावांशी तुलना केली असता भेद स्पष्ट होतो. बसूंच्या ‘पा सू-ह्वा’ या नावात ‘ह्वा’ मागील अक्षराशी मिळून असा रूढ काव्यसंकेत घडवीत नाही. अटल यांचे ‘आय त-ह्वा’ तर ‘एडवर्ड’च्या चिनी लेखनाशी अक्षरशः जुळते. प्रत्यय एकच असूनही श्लेष एकाच नावात साधला आहे. शिवाय हेतू कोणताही असो, अभिजात वाङ्मयाशी परिचित असलेल्या चिनी वाचकाला हा ध्वनी ऐकू आल्यावाचून राहणार नाही. आणि नावाचा अर्थ अखेर वाचणाऱ्या समाजातच सिद्ध होतो.

१९४२ साली जन्मलेल्या कोटणीसांच्या मुलाचे नाव न्ये रोंगचन यांनी ‘यिन-ह्वा’ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन : हा सरळ द्वंद्व समास होय. त्यात दोन राष्ट्रे शेजारी उभी आहेत. पित्याच्या नावात मात्र राष्ट्राआड फूल आणि फुलाआड भाऊ आहे. हा भेद केवळ शब्दशास्त्रापुरता नाही. ‘ह्वा’चा अर्थ ‘चीन’ एवढाच घेतला, तर ते नाव मैत्रीचे घोषवाक्य ठरते आणि १९६२ सारख्या प्रसंगी त्याचा अर्थ राजकारणाच्या हाती जातो. ‘ती-ह्वा’ असे एकत्र वाचले, तर सोलापूरचा हा डॉक्टर चिनी झाला नाही, चिनी माणसांनी त्याला भाऊ मानले, एवढेच ते नाव सांगते. आणि हे विधान कोणत्याही सीमारेषेवर अवलंबून नाही.